खोटी घंटा

सकाळच्या जलद लोकलने घाटकोपर मागे टाकलेले असते. डब्यात रोजचीच गर्दी, रोजचेच चेहरे. त्या गर्दीत उभा असलेला एखादा पस्तिशीचा, धडधाकट कारकून एकाएकी घामाने निथळू लागतो. कसलेही निमित्त नसताना त्याचे काळीज धडधडते, घशाला कोरड पडते, श्वास पुरेनासा होतो, ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या येतात. आजूबाजूची माणसे काचेपलीकडची भासू लागतात. आपण आता मरणार, निदान भ्रमिष्ट तरी होणार, याविषयी त्याच्या मनात शंका उरत नाही. दादरला तो कसाबसा उतरतो, फलाटावरच्या बाकावर बसतो, आणि वादळ जसे आले तसेच ओसरते. तडक दवाखाना गाठून हृदयालेख काढला जातो, रक्त तपासले जाते. सारे निर्दोष. ‘तुम्हाला काहीही झालेले नाही,’ असे सांगून त्याला घरी पाठविले जाते. घरच्यांना हायसे वाटते, आणि नेमकी तेथूनच त्याच्या दुखण्याला सुरुवात होते.

कारण काहीच झाले नाही, हे खरे नव्हे. जे झाले त्याला वैद्यकात पॅनिक अटॅक, म्हणजे भीतीचा झटका, असे नाव आहे. भीतीचे वर्णन करण्यात मराठी भाषा मुळीच दरिद्री नाही. काळजात धस्स होते, धडकी भरते, पाचावर धारण बसते. परंतु या साऱ्या वाक्प्रचारांमागे काही ना काही कारण गृहीत असते. साप निघालेला असतो, नाहीतर एके काळी दारात तारवाला उभा असे. विनाकारण कोसळणाऱ्या भीतीला मात्र नाव सापडत नाही. मग कोणी तिला हृदयविकार म्हणतो, कोणी बाहेरची बाधा.

वैद्यकाचीही गाडी या बाबतीत बराच काळ अडली होती. अमेरिकेतील यादवी युद्धात लढलेल्या सैनिकांच्या धडधडत्या छातीचे वर्णन डॉ. डा कॉस्टा यांनी १८७१ साली केले, ते हृदयाचा विकार म्हणून. त्याच वर्षी बर्लिनच्या वेस्टफाल यांनी मोकळा चौक ओलांडताना गर्भगळीत होणाऱ्या रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. एकाच्या नजरेस छाती आली, दुसऱ्याच्या नजरेस चौक. या दोहोंतील नाते उलगडण्यास पुढे जवळजवळ शतक लागले. न्यूयॉर्कच्या हिलसाइड रुग्णालयात डॉ. डोनाल्ड क्लाइन काही रुग्णांना इमिप्रामिन हे औषध देऊन पाहत होते. हे रुग्ण ‘आम्ही मरतो आहोत’ असे सांगत दिवसातून अनेकदा परिचारिकांकडे धाव घेत. काही आठवड्यांनी ही धावाधाव थांबली. हा बदल आधी ध्यानात आला तो परिचारिकांच्या. रुग्ण स्वतः मात्र अजून बाहेर पडण्यास घाबरतच होते. झटका ही एक गोष्ट आणि झटक्याची धास्ती ही दुसरी, हा भेद त्यातून स्पष्ट झाला. १९८० साली अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानसूचीत या विकाराला स्वतंत्र स्थान मिळाले.

झटक्यात घडते ते असे. संकट दिसताच पळण्यास किंवा झुंजण्यास शरीर सज्ज व्हावे, ही निसर्गाची योजना आहे. अॅड्रेनलिन रक्तात उतरते, हृदय वेगाने चालते, श्वास जलद होतो. झटक्यात ही सारी सिद्धता होते, फक्त संकट नसते. शाळेला आग लागलेली नसताना घंटा वाजावी, तसा हा प्रकार. जलद श्वासाने रक्तातील कार्बन डायऑक्साइड घटतो. मुंग्या आणि गरगर त्यामुळे येतात. ‘छातीत धडधडते, म्हणजे हृदय बंद पडणार’ असा अर्थ मन लावते, त्या अर्थाने भीती वाढते आणि वाढत्या भीतीने धडधड. बहुतेकांचा झटका काही मिनिटांतच शिगेला पोहोचून उतरू लागतो. ‘आपण चक्कर येऊन पडू’ हे भय तर अनेकांना असते. वस्तुतः शुद्ध हरपते ती सहसा रक्तदाब उतरल्याने, आणि झटक्यात तो बहुधा चढलेला असतो.

येथे एक गोष्ट निक्षून सांगितली पाहिजे. पहिल्या झटक्याचे निदान घरी बसून करू नये. छातीतील कळ, विशेषतः श्रमाने वाढणारी किंवा हाताकडे, जबड्याकडे जाणारी, विनाविलंब तपासून घ्यावी. थायरॉइडचा अतिरेक, रक्तातील साखर उतरणे, यांचीही लक्षणे अशीच असतात. परंतु एकदा नीट तपासणी झाल्यावर दर पंधरवड्याला नवा हृदयालेख काढीत राहणे हा उपाय नव्हे, तो रोगाचाच भाग होय.

रोगाचा दुसरा भाग अधिक सोज्ज्वळ दिसतो, म्हणून अधिक फसवा. तो कारकून दुसऱ्या दिवसापासून धीम्या गाडीने जाऊ लागतो. वेळ जास्त लागतो, पण दर दोन-तीन मिनिटांनी स्थानक येते, उतरता येते. मग दारापाशीच उभे राहणे, खिशात पाण्याची बाटली, सोबत शेजारी. पुढे गाडीऐवजी बस, बसऐवजी रजा. प्रत्येक पावलागणिक त्याला बरे वाटते आणि जग तेवढे आक्रसते. उतरलो म्हणून वाचलो, अशी त्याची समजूत होते. न उतरताही वाचलो असतो, हे कळण्याची संधी तो स्वतःला देतच नाही. बढती नाकारणारे, बदलीच्या भीतीने नोकरी सोडणारे असे लोक कचेऱ्यांतून आहेत. त्यांना आळशी म्हणणे सोपे असते.

उपचाराचा रोख म्हणूनच या पळण्यावर असतो. झटका आला असता जागा सोडू नये, श्वास सावकाश घेऊन अधिक सावकाश सोडावा, आणि लाट ओसरू द्यावी. कागदी पिशवीत श्वास घेण्याचा जुना उपाय आता सुचविला जात नाही. विकार खरोखर हृदयाचा किंवा दम्याचा निघाला तर तो घातक ठरेल. मानसोपचारतज्ज्ञ रुग्णाला मुद्दाम जिना धावत चढावयास लावतात, खुर्चीत गरगर फिरवितात. धडधड आणि भोवळ यांची ओळख झाली की त्यांचा दरारा उतरतो. मग एक स्थानक, दोन स्थानके, आणि यथावकाश जलद गाडी. घाटकोपरनंतर छाती धडधडतेच, पण तो दादरला उतरत नाही. औषधेही आहेत आणि ती घेण्यात कमीपणा नाही. मात्र त्यांचा गुण येण्यास काही आठवडे लागतात. झटपट शांत करणाऱ्या गोळ्या वैद्याच्या सल्ल्यावाचून खिशात बाळगण्याची सवय मात्र लवकर जडते आणि सुटता सुटत नाही.

परीक्षेच्या दालनात जिचे हात थरथरू लागले, त्या विद्यार्थिनीला ‘अभ्यास केला नसेल’ असे ऐकविणारे पर्यवेक्षक अजूनही भेटतात. भोवती गर्दी करणारे, तोंडावर पाणी मारणारेही भेटतात. शेजारी शांतपणे उभे राहून ‘हे थोड्या वेळात ओसरेल, पेपर इथेच आहे’ एवढे म्हणणाऱ्या शिक्षकाला मानसशास्त्राच्या पदवीची गरज नसते. पुढची वाट दाखविण्यासाठी जिल्हा रुग्णालय आहे. शिवाय ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने सुरू केलेल्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे. तेथे विनामूल्य आणि मराठीतही बोलता येते. काय सांगावे हे सुचत नसेल, तर ‘जलद गाडीत चढवत नाही’ एवढे एक वाक्य सुरुवातीला पुरते.