धाप फुप्फुसाची की हृदयाची?

आपल्या रामाकोन्यात चुलीपुढे आयुष्य घालविलेल्या माउलीस उतारवयात धाप लागली, की 'वय झाले' म्हणून आपण स्वस्थ बसतो. विडीला कधी न शिवलेल्या माणसासही चुलीच्या धुराने फुप्फुसाचा जुनाट विकार जडतो. अशा फुप्फुसांत रक्त ढकलताना हृदयाच्या उजव्या भागावर ताण पडतो. पुढे पायांस सूज येते.

ताणलेले हृदय बीएनपी नावाचे द्रव्य रक्तात सोडते. जपानी शास्त्रज्ञांनी ते १९८८ साली डुकराच्या मेंदूत प्रथम शोधिले. एकाएकी धाप लागली असता त्याचे प्रमाण मिलिलिटरमागे १०० पिकोग्रॅमपेक्षा कमी भरले, तर हृदय थकल्याचा संभव फार थोडा. जास्त भरले, तर दोष डावीकडचा की उजवीकडचा, हे इको तपासणीनेच उमगते. फुप्फुसाचा विकार मात्र नळीत फुंकून करावयाच्या स्पायरोमेट्रीनेच ठरतो. प्राणवायू दीर्घकाळ कमी पडला की हिमोग्लोबिनही वाढते. ते सुदृढपणाचे लक्षण समजू नये.

सभासद बंधुभगिनींस आमची एवढीच विनंती, की वडीलधाऱ्यांची धाप वयाच्या माथी मारू नका. फुप्फुस आणि हृदय, दोहोंविषयी डॉक्टरांस विचारा.