हक्काच्या घराची वाट

महात्मा फुले व सावित्रीबाई यांनी एका विधवेचा मुलगा दत्तक घेऊन त्याचे नाव यशवंत ठेवले. परक्या मुलास घर देण्याची परंपरा महाराष्ट्रात इतकी जुनी आहे. आज कायदा आहे, संस्था आहेत, दत्तकेच्छू दांपत्यांची मोठी प्रतीक्षायादीही आहे. तरीही काही बालकांचे बालपण संस्थेतच सरते. एका कचेरीतला कागद दुसऱ्या कचेरीत वेळेवर न पोचणे, हे त्याचे एक साधे पण क्लेशदायक कारण होय.

एस.टी. स्थानकावर वा देवळाच्या ओट्यावर अर्भक सापडले की गावास कळवळा येतो. कोणी निपुत्रिक दांपत्य पुढे होते, मुद्रांकावर लिखापढीही होते. हेतू चांगला असला तरी सापडलेले मूल देण्याचा अधिकार मुळी गावातील कोणासच नसतो. असे दत्तकविधान टिकत नाही. बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार २४ तासांच्या आत १०९८ या दूरध्वनीवर, पोलीस ठाण्यास, जिल्हा बाल संरक्षण कक्षास अथवा बाल कल्याण समितीस कळविणे बंधनकारक आहे. पोलीस पाटील व सरपंचांनी हे ध्यानी ठेवावे.

पुढे समिती पालकांचा शोध घेते. दोन वर्षांपर्यंतच्या बालकास दोन महिन्यांत, त्याहून मोठ्यास चार महिन्यांत दत्तकासाठी मुक्त घोषित करावयाचे असते. पालकांनी स्वतः मूल सोपविले असल्यास त्यांना फेरविचारासाठी ६० दिवस मिळतात. या टप्प्यात पोलिसांचा शोध अहवाल रेंगाळला की सारेच थांबते. बहुतेक दांपत्यांना तान्हे मूल हवे असते. म्हणून कचेरीतला एक महिना बालकास फार महाग पडतो. मोठ्या मुलांचा विचार दांपत्यांनी अधिक मोकळेपणाने करावा, असेही येथे सुचवावेसे वाटते.

यानंतर विशेष दत्तक संस्था, केंद्रीय दत्तक प्राधिकरणाची संगणकीय नोंदणी व दांपत्याच्या घराची पाहणी हे टप्पे येतात. पूर्वी अंतिम आदेश न्यायालय देत असे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर, १ सप्टेंबर २०२२ पासून हे काम जिल्हाधिकाऱ्यांकडे आले असून त्यासाठी दोन महिन्यांची मुदत आहे.

बालक दांपत्याकडे संगोपनासाठी सोपविल्यापासून दोन वर्षे दर सहा महिन्यांनी त्याची विचारपूस होते. जन्मदाखल्यावर दत्तक मातापित्यांचीच नावे येतात. शाळाप्रवेशाच्या वेळी तेवढा दाखला पुरेसा असून, बालकाचा पूर्वेतिहास विचारण्याचे मुख्याध्यापकांस कारण नाही.