खतावणीतली माणसे

सावकाराची वही आपल्याला नवी नाही. दिलेली रक्कम, व्याज, गहाण पडलेले शेत, दागिने, सारे तिच्यात लिहिलेले असते. पण गहाणाच्या रकान्यात माणसेच असली तर? अठराव्या शतकात लंडनच्या पेढ्यांवर असे घडत होते. डेव्हिड बार्कले यांची हकिगत त्यातलीच.

बार्कले १७२९ साली क्वेकर पंथाच्या घरात जन्मले. वडील लंडनमधले कापडाचे मोठे व्यापारी. आईचे वडील जॉन फ्रीम यांची लोम्बार्ड स्ट्रीटवर पेढी होती. तिचीच पुढे बार्कलेज बँक झाली.

वेस्ट इंडीज बेटांवरचे मळेवाले लंडनकडून पैसा उचलत आणि साखर विकून फेडत. १७३२च्या कायद्याने कर्ज थकले की वसाहतींतल्या जमिनीबरोबर गुलामही वसुलीत निघत. म्हणजे ज्याने गुलामांचे जहाज डोळ्यांनी पाहिले नाही, असा सज्जन सावकारही नुसत्या वसुलीतून माणसांचा मालक बनू शके.

डेव्हिड आणि त्यांचे बंधू जॉन यांचे तेच झाले. गुलामांचा व्यापार करणाऱ्यांना पंथाबाहेर काढायचे, असे लंडनच्या क्वेकरांनी १७६१ सालीच ठरवले होते. डेव्हिड स्वतःही गुलामीच्या विरोधात. तरी बुडत्या कर्जापोटी जमैकातले ‘युनिटी व्हॅली पेन’ हे गुरांचे कुरण या भावांकडे आले, आणि गुरांबरोबर ३२ गुलामही.

त्यांना विकले असते, तर पैसे वसूल झाले असते. डेव्हिड यांनी १७९५ मध्ये त्यांना मुक्त केले आणि बहुतेकांना फिलाडेल्फियाला पाठवले. तिथल्या गुलामीविरोधी संस्थेने त्यांना कामधंद्याला लावले. सुमारे ३००० पौंडांची झळ डेव्हिड यांनी सोसली. मोकळे झालेले गुलाम स्वतःच्या पायावर उभे राहू शकतात, हे लोकांना पटावे म्हणून १८०१ साली त्यांनी ही हकिगत छापली.

एका सावकाराने असे केले. पण वहीचा हिशेब बदलला नाही. १८३३ साली ब्रिटिश पार्लमेंटने गुलामी रद्द करण्याचा कायदा केला, तेव्हा दोन कोटी पौंडांची भरपाई मंजूर झाली. ती मिळाली मालकांना. गुलामांच्या हाती छदामही पडला नाही. त्या भरपाईसाठी काढलेल्या कर्जाचा शेवटचा हप्ता ब्रिटिश सरकारने २०१५ साली फेडला. मालकांचे देणे असे पुरते चुकते झाले. ज्यांनी ऊस तोडला, त्यांचे देणे कुठल्याच वहीत लिहिले गेले नव्हते.