गोल्फवाल्याचा चातुर्मास

कार्तिकी एकादशीला देव उठतात, तुळशीचें लग्न लागतें आणि चार महिने थांबलेलीं शुभकार्यें आपल्याकडे पुन्हां सुरू होतात. नेमक्या त्याच सुमारास अमेरिकेच्या उत्तर सीमेवरील मिनेसोटा संस्थानांत आमचा चेंडू निजावयास जातो. नोव्हेंबर लागला कीं तेथील गोल्फचीं मैदानें हळूहळू बंद होतात. तीं उघडतात एप्रिलांत, म्हणजे रामनवमीच्या आगेंमागें. देवांचा चातुर्मास चार महिन्यांचा, आमचा पांच महिन्यांचा. आणि त्यांत कांदा-लसूण वर्ज्य नसला तरी जीव ज्यांत रमतो तेंच नेमकें वर्ज्य असतें.

गोल्फ म्हटला कीं हा साहेबांचा व संस्थानिकांचा खेळ, सामान्य गृहस्थाचा त्याशीं काय संबंध, असें वाचकांच्या मनांत येणें साहजिक आहे. परंतु आम्ही राहतों तेथें नगरपालिकेचीं मैदानें आहेत व त्यांवर सुतार, शाळामास्तर आणि पेन्शनर हे एकाच रांगेंत उभे राहून खेळतात. आम्ही त्या रांगेंतलेच. आमची साठी उलटली आहे. खेळ चाळिशीनंतर शिकलों. आणि आम्ही चांगलें खेळतों असें आमचे मित्रही म्हणणार नाहींत. तरीपण ज्याला एकदां हा नाद लागला त्याचे हिंवाळ्याचे पांच महिने कसे जातात, हें सांगण्याजोगें आहे. कारण सक्तीची विश्रांति कशी घ्यावी हा प्रश्न केवळ गोल्फवाल्यापुढेंच असतो असें नव्हे.

प्रथम खेळ बंद कां पडतो तें पाहूं. जानेवारींत येथें पारा शून्याखालीं वीस अंशांहूनही उतरतो; सरोवरें इतकीं गोठतात कीं लोक त्यांवर मोटारी नेतात आणि बर्फाला भोंक पाडून मासे धरीत बसतात. अशा थंडींत गवत मरत नाहीं, पण झोपीं जातें. दंवानें गोठलेल्या पात्यावर पाय पडला तर आंतल्या पेशी फुटतात आणि मागाहून तेथें पावलांचे काळपट ठसे उमटतात. उन्हाळ्यांत अशी जखम लवकर भरून येते. थंडींत वाढच नसल्यामुळें ती वसंतापर्यंत तशीच राहते. शिवाय बर्फाच्या गोधडीखालीं एक प्रकारची बुरशी वाढते, म्हणून माळी लोक पहिला बर्फ पडण्यापूर्वींच औषध फवारून ठेवतात. बर्फ वितळून पुन्हां गोठला व त्याची कांच जमली तर खालचें गवत गुदमरतें. म्हणजे मैदानाला कुलूप लागतें तें आमच्या छळासाठीं नसून गवताच्या रक्षणासाठीं. एवढेंच नव्हे, तर 1 नोव्हेंबरपासून 31 मार्चपर्यंत या संस्थानांत खेळलेले डाव ‘हँडिकॅपा’च्या हिशेबींही धरले जात नाहींत. हँडिकॅप म्हणजे खेळाडूच्या कुवतीचा आंकडा. त्याच्या आधारानें नवशिका व कसलेला हे बरोबरीनें सामना खेळूं शकतात. पांच महिने हा आंकडा गोठून जागच्या जागीं राहतो.

मौज अशी कीं, या खेळाच्या मूळ देशांत कथा उलटी होती. इ. स. 1457 मध्यें स्कॉटलंडच्या पार्लमेंटानें तिरंदाजीच्या तालमींत खंड पडतो म्हणून गोल्फवर बंदी घातली, इतका तो जुना आहे. तेथें समुद्रकांठच्या वाळवंटी कुरणांवर गोल्फ हा मुख्यतः थंडींतलाच खेळ असे. कारण उन्हाळ्यांत गवत माजून चेंडू हरवे. गवत कापण्याचें यंत्र एडविन बडिंग या इंग्रज कारागिरानें 1830 सालीं काढलें, आणि अशा यंत्रांचा प्रसार झाल्यावर उन्हाळाही खेळास मोकळा झाला. डच लोक तर गोठलेल्या कालव्यांवरच काठी-चेंडूचा असाच एक खेळ खेळत. सतराव्या शतकांतील चित्रकार हेंड्रिक आव्हरकांप याच्या चित्रांत ते अजून खेळत आहेत.

बर्फापुढें हार न मानणारा एक गृहस्थ तर आपल्या मुंबईचाच. कवि व कथालेखक रुडयार्ड किपलिंग याचा जन्म 1865 सालीं मुंबईस झाला. त्याचे वडील तेथील जे. जे. कलाशाळेंत शिक्षक होते. 1892 ते 1896 पर्यंत तो अमेरिकेंतील व्हरमाँट संस्थानांत राहिला व तेथील घराला त्यानें नांव दिलें ‘नौलखा’. 1894 सालीं शेरलॉक होम्सचे जनक कॉनन डॉइल त्याच्याकडे पाहुणे आले ते गोल्फच्या काठ्या घेऊनच. आणि त्यांनीं शेजारच्या शेतांत यजमानास धडे दिले. हिंवाळ्यांत पांढरा चेंडू बर्फांत दिसेना तेव्हां किपलिंगनें चेंडू तांबडे रंगविले व खेळ चालू ठेविला. मुंबईच्या उन्हांत जन्मलेल्या माणसाला बर्फांत ही युक्ति सुचावी याचा आम्हांस उगीचच अभिमान वाटतो.

पण सर्वांना किपलिंग होतां येत नाहीं, हें आम्हीं स्वतःच्या पाठीवरून शिकलों. तीन वर्षांपूर्वींचा हिंवाळा आम्हीं नुसता खिडकींत उभे राहून, बर्फाकडे रागानें पाहून आणि चिवडा खाऊन घालविला. मार्च उजाडतांच धीर सुटला. हवेनें फुगविलेला एक अवाढव्य तंबू गांवाबाहेर आहे. त्यांत चटईवर उभें राहून चेंडू मारतां येतात. तेथें जाऊन आम्हीं एका दमांत शंभर चेंडू मारले. दुसऱ्या दिवशीं अंथरुणांतून उठवेना. कंबरेचें दुखणें हें हौशी गोल्फवाल्यांचें नेहमींचेंच. कारण टोला मारतांना सबंध धड पिळलें जातें, आणि नितंबांचे सांधे आखडलेले असले कीं तो सगळा पीळ कंबरेला सोसावा लागतो. त्या वर्षींचा आषाढ उजाडेपर्यंत आम्हीं काठी हातीं धरली नाहीं. पांच महिन्यांची सक्तीची रजा आमच्या उतावळेपणानें आठ महिन्यांची झाली. साठीनंतर माणूस ऋतु मोजूं लागतो. त्यांतला अर्धा असा फुकट गेला याची हळहळ पाठ बरी झाल्यावरही राहिली.

तेव्हांपासून आम्हीं हिंवाळ्याला शत्रु मानण्याचें सोडून त्याला चातुर्मास मानूं लागलों, आणि चातुर्मासाला शोभतील असे नेमही धरले.

पहिला नेम देहाचा. रोज सकाळीं बारा सूर्यनमस्कार. औंधच्या पंतप्रतिनिधींनीं गेल्या शतकांत ज्यांचा घरोघर प्रसार केला तेच हे. लहानपणीं वडिलांच्या धाकानें घातले होते. कंबर, मांड्या व खांदे हीं तिन्ही मोकळीं करण्यास याहून सोपा उपाय आम्हांस येथेंही मिळाला नाहीं. आणि व्यायाम हा केवळ आमच्यासारख्यांनाच लागतो असें नव्हे. हौशी खेळाडूंचा मुकुटमणि बॉबी जोन्स हा पेशानें वकील. 1930 सालीं एकाच वर्षांत ब्रिटन व अमेरिका येथील चारही मोठ्या स्पर्धा त्यानें जिंकल्या, त्यांपैकीं एक आमच्याच मिनेसोटांतील इंटरलेकन मैदानावर. त्यापूर्वींच्या हिंवाळ्यांत अंग हलकें करण्यासाठीं तो ‘डग’ नांवाचा खेळ खेळला. टेनिस व बॅडमिंटन यांची ती खिचडी. नट डग्लस फेअरबँक्स याच्या नांवावरून तें नांव पडलें.

दुसरा नेम आयुधांचा. खंडेनवमीस हत्यारें पुसण्याची आपली रीत. आम्ही तें काम डिसेंबरांत करितों. नियमाप्रमाणें पिशवींत चौदांहून अधिक काठ्या नसाव्या. त्या कोमट पाण्यानें धुवाव्या, लोखंडावरील बारीक खांचांतली माती जुन्या दांतांच्या कुंच्यानें काढावी, मुठीवरचें झिजून गुळगुळीत झालेलें रबर बदलावें. हात निसटूं नये म्हणून निसरडी मूठ माणूस घट्ट आवळतो, आणि आवळलेल्या हातानें टोला बिघडतो. अर्धा दोष काठीचा असतो व आपण तो सबंध वर्ष स्वतःकडे घेतों.

तिसरा नेम सर्वांत महत्त्वाचा. तो म्हणजे ‘पटिंग’. गुळगुळीत कातरलेल्या हिरवळीवर चेंडू हलकेच घरंगळत खळग्यांत घालणें याचें हें नांव. बहात्तर टोल्यांचें मैदान असलें तर त्यांतील छत्तीस टोले, म्हणजे निम्मे, या हलक्या टोल्यांसाठींच धरलेले असतात. दूरवर चेंडू भिरकावण्यास मैदान लागतें. हें काम दिवाणखान्यांतल्या सतरंजीवर होतें. खळग्याचा व्यास सवाचार इंच. आमच्या घरांतील आमटीची वाटी त्याहून लहान. ती आडवी ठेवून आम्ही नेम धरतों. वाटींत चेंडू गेला कीं टण्णकन् आवाज होतो आणि स्वयंपाकघरांतून विचारणा होते, “आज वाट्या किती उरल्या आहेत जेवायला?”

आतां यंत्रांचीही सोय झाली आहे. पडद्यासमोर चेंडू मारला कीं यंत्र त्याचा वेग व फिरकी मोजतें आणि दूरच्या एखाद्या प्रख्यात मैदानावर तो कोठें पडला असता तें पडद्यावर दाखवितें. आम्हीं तेंही करून पाहिलें. चुका कळण्यास तें उत्तम. पण तेथें वारा नाहीं, चढउतार पायांस लागत नाहींत, आणि हरवलेला चेंडू शोधतांना होणाऱ्या गप्पाही नाहींत.

त्या गप्पांचाच प्रश्न गेल्या हिंवाळ्यांत आमच्यापुढें उभा राहिला. आम्हांस हा खेळ शिकविला तो आमच्या शेजारच्या वृद्ध गृहस्थांनीं. ते आतां ऐंशीच्या घरांत आहेत. ऑक्टोबरांत त्यांच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली. छातीचें हाड कापून पुन्हां सांधलेलें. तें जुळून येण्यास सुमारें तीन महिने लागतात, तोंवर हात डोक्यावर उचलणेंही मना. घरीं आल्यावर ते आम्हांस म्हणाले, “काठ्या विकून टाकाव्या म्हणतों.” आम्हीं उत्तर दिलें नाहीं. डॉक्टरांनीं हलक्या टोल्यांची परवानगी दिल्यावर डिसेंबरांतल्या एका गुरुवारीं आम्हीं त्यांना घरीं बोलावलें आणि वाटी आडवी ठेवली.

त्या दिवसापासून दर गुरुवारीं अठरा टोल्यांचा सामना होऊं लागला. हरेल त्यानें कॉफी करावयाची. आमच्या कुटुंबानें भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर जमाखर्च ठेविला. पहिल्या दिवशीं ते सहा टोल्यांनंतर खुर्चीवर बसले. संक्रांतीला त्यांनीं अठराही उभ्यानें पुरे केले व तिळगूळ दोनदां मागून घेतला. मार्चअखेर सोळा गुरुवार झाले. त्यांतले अकरा त्यांनीं जिंकले. काठ्या विकण्याची गोष्ट पुन्हां निघाली नाहीं.

एप्रिलाच्या दुसऱ्या आठवड्यांत मैदान उघडलें. गवत अजून पिंवळें, कोपऱ्याकोपऱ्यांत मळकट बर्फाचे ढीग. डॉक्टरांची परवानगी होती, पण बेतानें. आम्ही दोघे पायीं निघालों. त्यांचा पहिला टोला पूर्वींच्या निम्माही गेला नाहीं, पण सरळ गेला. तिसऱ्या खळग्यापाशीं ते थांबले, बारा फुटांवरून चेंडू आंत घातला, आणि बांकावर बसत म्हणाले, “आजच्यापुरतें पुरे. वाटी हिच्याहून लहान होती.”

आम्हीं उरलेलीं सहा एकट्यानेंच खेळलों, आणि फार वाईट खेळलों. पाठ मात्र दुखली नाहीं.