मे महिन्यातलं पाणी

लडाख म्हटलं की आपल्याकडे आधी थंडीची चौकशी होते. मीही स्वेटरांची चळत घेऊनच गेलो होतो. सिंधूकाठच्या एका गावात ज्या घरी उतरलो, तिथल्या घरधनीण आमालेंना थंडीबद्दल विचारलं, तर त्या हसल्याच. थंडीला बुखारीची शेगडी आहे, वाळवलेलं शेण आहे. ‘‘पाणी कधी येणार ते विचार,’’ त्या म्हणाल्या. मे महिना होता. शेजारचा ओढा करंगळीएवढा.

लेहला वर्षभरात पाऊस पडतो साधारण 100 मिलिमीटर. आंबोलीत आषाढातला एखादा दिवस तेवढा पाडून जातो. शेती सगळी हिमनद्यांच्या भरवशावर, आणि तिथेच गोम आहे. 5 हजार मीटरांवरचं बर्फ नीट सुटतं ते जूनमध्ये. जवाची पेरणी मात्र एप्रिल-मेमध्ये उरकावीच लागते, कारण सप्टेंबर सरता सरता थंडी पुन्हा दारात उभी. पाणी आहे, पण ते उशिरा येतं.

या मधल्या दिवसांसाठी गावाने ‘चुरपोन’ नेमलेला असतो. ‘छू’ म्हणजे पाणी. कोणाच्या शेतात आधी, किती वेळ, हे तो ठरवतो. रात्रभर ओढा ‘झिंग’मध्ये, म्हणजे छोट्या तळ्यात, साठवायचा आणि सकाळी पाटाला सोडायचा. पांझरा नदीकाठच्या फडांवर असंच पाणी वाटणारा पाटकरी मला आठवला.

पाण्याच्या या उशिरावर एक उपाय शोधला छेवांग नॉर्फेल यांनी. ते सरकारी नोकरीत स्थापत्य अभियंता होते. नळ गोठून फुटू नयेत म्हणून लडाखात हिवाळ्यात लोक ते किंचित चालू ठेवतात. असं वाहून गेलेलं पाणी झाडाच्या सावलीत गोठलेलं त्यांनी पाहिलं. मग गावालगतच्या सावलीच्या घळीत दगडी बांध घालून ओढ्याचा वेग मोडला. पाणी थरांनी गोठत गेलं. ही जागा हिमनदीपेक्षा खाली, म्हणून बर्फ सुटतं ते नेमकं पेरणीच्या वेळी. 2015 साली त्यांना पद्मश्री मिळाली. सोनम वांगचुक यांचा बर्फाचा स्तूप 2013-14च्या हिवाळ्यातला. वरून नळीने आणलेलं पाणी स्वतःच्याच दाबाने उडतं आणि हवेत गोठतं. शंकूच्या आकारामुळे ऊन कमी लागतं. फोटो निघतात ते स्तूपाचे. पण त्याचंही पाणी शेवटी वाटायचंच असतं, आणि वाटणाऱ्याचा फोटो कोणी काढत नाही.

पाण्याला वाटेकरीही वाढलेत. 1974 मध्ये लडाख पर्यटकांना खुलं झालं; 2018 साली 3 लाखांवर माणसं आली. लेहमध्ये कूपनलिका वाढल्या. गावात येण्याच्या आदल्या रात्री तिथल्या हॉटेलात मी शॉवरखाली चांगला पाव तास उभा होतो. आमालेंच्या घरी संडास कोरडा. वरून माती टाकायची, वर्षाने त्याचं खत शेतात.

तिसऱ्या दिवशी पहाटे आमालेंची पाळी आली. चुरपोनने पाटातला दगडमातीचा बोळा काढला. आमाले फावडं घेऊन दारं धरायला लागल्या. मदत म्हणून मी एक बांध फोडला, तो चुकीचा. पाणी शेजाऱ्याच्या शेतात गेलं. आमालेंनी काही न बोलता तो बुजवला. चुरपोनने मात्र घड्याळ पाहिलं, आणि तेवढी मिनिटं शेजाऱ्याच्या वाट्यातून कापली.