लोकांना गाडी नीट चालवायला शिकवायचं की रस्ता नीट बांधायचा? मुंबई-पुणे एक्स्प्रेस वेवर मृत्यू कसे कमी झाले, समजून घ्या

मुंबईहून पुण्याला एक्स्प्रेस वेने निघालात की एक दृश्य हमखास दिसतं. उजव्या लेनमध्ये माल भरलेला ट्रक रमतगमत चाललेला असतो. त्याच्या मागे एक कार सारखी डिपर मारत असते आणि तिसरा कुणीतरी डावीकडून ओव्हरटेक करून दोघांच्या पुढे निघून जातो. घरी पोचल्यावर आपलं वाक्य ठरलेलं, "लोकांना गाडी चालवायची अक्कलच नाही."

यात तथ्य आहेच. पण याच साधारण 94 किलोमीटरच्या रस्त्यावर 2016 साली 151 जणांचा जीव गेला होता आणि 2019 मध्ये हा आकडा 92 वर आला. तीन वर्षांत लोकांना अचानक अक्कल आली, असं तर नक्कीच झालं नाही. ट्रक तेच होते, ड्रायव्हर तेच होते आणि घाई तीच होती. मग बदललं काय?

देशातलं चित्र किती गंभीर आहे?

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार 2022 मध्ये भारतात 4,61,312 रस्ते अपघात झाले आणि त्यात 1,68,491 लोक गेले. म्हणजे दर तासाला सुमारे 19 मृत्यू. एकट्या महाराष्ट्रात त्या वर्षी 15,224 जण दगावले, म्हणजे रोज चाळीसहून जास्त.

यातल्या सुमारे 71 टक्के मृत्यूंपुढे 'अतिवेग' हे कारण लिहिलेलं आहे. हा आकडा वाचला की सगळा दोष ड्रायव्हरचा वाटतो. पण ही माहिती पोलिसांच्या नोंदींमधून येते. अपघात झाला की गुन्हा चालकावर दाखल होतो. वळणावर कठडा नव्हता, रात्री बंद पडलेला ट्रक लेनमध्येच उभा होता किंवा दुभाजक अर्ध्यातच तुटलेला होता, या गोष्टी पंचनाम्यात आल्या तरी त्यासाठी सहसा कुणावर गुन्हा दाखल होत नाही.

खरं तर कायद्यात तशी सोय आहे. 2019 च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्यातल्या कलम 198अ नुसार, रस्त्याची रचना, बांधणी किंवा देखभाल निकषांप्रमाणे केली नाही आणि त्यामुळे कुणाचा मृत्यू झाला किंवा कुणाला अपंगत्व आलं, तर संबंधित यंत्रणा किंवा ठेकेदाराला 1 लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. हे कलम वापरलं गेल्याच्या बातम्या तुम्ही किती वाचल्यात, ते आठवून बघा.

चूक आपली नसतानाही जीव कसा जातो?

डिसेंबर 2012 मध्ये आनंद अभ्यंकर आणि अक्षय पेंडसे हे दोन अभिनेते याच एक्स्प्रेस वेवर अपघातात गेले. समोरच्या बाजूने जाणारा टेम्पो दुभाजक ओलांडून त्यांच्या कारवर आला होता. अशा वेळी आपण कितीही शिस्तीत गाडी चालवत असलो तरी त्याचा काही उपयोग होत नाही.

इथे उपयोगी पडतो तो मधला अडथळा. पुढे या मार्गाच्या दुभाजकात पोलादी दोरांचे बॅरिअर लावले गेले. गाडी आदळली की हे दोर ताणले जातात, धक्का शोषून घेतात आणि गाडीला पलीकडच्या बाजूला जाऊ देत नाहीत. ड्रायव्हरची चूक तशीच राहते, पण तिची शिक्षा समोरून येणाऱ्या कुटुंबाला मिळत नाही.

स्वीडनच्या संसदेने 1997 मध्ये 'व्हिजन झिरो' नावाचं धोरण स्वीकारलं, त्याच्या मुळाशी हाच विचार आहे. माणूस चुकणार हे गृहीत धरायचं आणि त्या चुकीची किंमत जीव असणार नाही, असा रस्ता बांधायचा.

एक्स्प्रेस वेवर 2016 मध्ये काय सुरू झालं?

महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळ म्हणजे एमएसआरडीसी, महामार्ग पोलीस, सेव्हलाईफ फाउंडेशन ही संस्था आणि महिंद्रा अँड महिंद्रा कंपनी यांनी मिळून 'झिरो फॅटॅलिटी कॉरिडॉर' हा उपक्रम सुरू केला. सुरुवात झाली ती झालेल्या अपघातांच्या अभ्यासापासून. गाडी कुठे, कशावर आणि कशी आदळली, याची जागेवर जाऊन नोंद घेतली गेली.

त्यातून काही गोष्टी पुन्हा पुन्हा समोर आल्या. एक म्हणजे उभ्या ट्रकवर मागून आदळणाऱ्या गाड्या. पंक्चर झालं, इंजिन तापलं किंवा ड्रायव्हरला झोप आली की ट्रक कडेला थांबतो. रात्री त्याला ना दिवा ना रिफ्लेक्टर. मागून ताशी 100 च्या वेगाने येणाऱ्याला तो दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. दुसरी गोष्ट म्हणजे कडेचे उघडे खांब, पुलांचे काँक्रीटचे कोपरे आणि बॅरिअरची धारदार टोकं. डुलकी लागून लेनबाहेर गेलेली गाडी नुसती मातीत घुसली तर आतले लोक वाचू शकतात, पण तीच गाडी काँक्रीटच्या खांबावर आदळली तर आशा फार कमी उरते.

त्यामुळे उपायही त्याच पद्धतीचे निघाले. अशा टणक जागांसमोर क्रॅश बॅरिअर लावणं, खुणा आणि रिफ्लेक्टर ठळक करणं, दुभाजकातल्या फटी बुजवणं, बंद पडलेली वाहनं लवकर हटवणं, पोलिसांची गस्त आणि जखमींना लवकर उपचार. यातलं कुठलंच काम उद्घाटनाची फीत कापण्यासारखं नाही. पण 2016 मधले 151 मृत्यू 2017 मध्ये 105 झाले. 2018 मध्ये आकडा किंचित वाढून 110 झाला आणि 2019 मध्ये 92 वर आला. 2020 मध्ये तो 66 होता, अर्थात त्या वर्षी लॉकडाऊनमुळे रस्त्यावर गाड्याही कमी होत्या.

त्यानंतर हा आकडा वर-खाली होत राहिला, शून्यावर मात्र कधीच आला नाही. ऑगस्ट 2022 मध्ये माजी आमदार विनायक मेटे यांचा मृत्यूही याच रस्त्यावर झाला. त्यांची कार पुढच्या ट्रकवर आदळली होती.

10 किलोमीटर जास्त वेगाने असा काय फरक पडतो?

रस्ता सुधारला तरी वेगाचं गणित सुटत नाही. समजा दोन गाड्या शेजारी-शेजारी चालल्या आहेत, एक ताशी 50 किलोमीटरने आणि दुसरी 60 ने. समोर अचानक एक मूल धावत आलं. दोन्ही ड्रायव्हरना ब्रेक दाबायला एक सेकंद लागला आणि दोन्ही गाड्यांचे ब्रेक सारखेच चांगले आहेत, असं धरू.

कोरड्या रस्त्यावर 50 ची गाडी साधारण 28 मीटरमध्ये थांबेल. त्याच 28 मीटरवर 60 ची गाडी कितीच्या वेगात असेल? बहुतेकांना 10 वाटतं. प्रत्यक्षात ती अजून ताशी 40 च्या आसपास धावत असते. पहिल्या गाडीपुढे मूल घाबरून उभं राहील, दुसरी गाडी त्याला 40 च्या वेगाने धडकेल.

कारण वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यानंतर थांबायला लागणारं अंतर चौपट होतं. ताशी 100 ला एकूण 84 मीटरच्या आसपास अंतर लागतं, तर 120 ला 114 मीटरच्या आसपास. म्हणजे 20 चा वेग वाढवून आपण 30 मीटर गमावतो, आणि हे रस्ता कोरडा असताना. पावसात ओल्या रस्त्यावर हे अंतर आणखी वाढतं.

कॅमेरा आणि दंडाने लोक सुधारतात का?

सुधारतात, पण दंड किती मोठा आहे यापेक्षा आपण पकडले जाणार याची खात्री किती आहे, यावर ते जास्त अवलंबून असतं. एकाच ठिकाणी कॅमेरा असला की लोक त्याच्या आधी ब्रेक मारतात आणि पुढे गेल्यावर पुन्हा गाडी दामटतात.

यावरचा तोडगा म्हणजे सरासरी वेग मोजणं. समजा दोन कॅमेऱ्यांत 20 किलोमीटर अंतर आहे. ताशी 100 च्या मर्यादेत ते कापायला 12 मिनिटं लागतात. तुम्ही 10 मिनिटांत पोचलात, तर तुमचा सरासरी वेग 120 होता हे उघड आहे. मग कॅमेऱ्यासमोर कितीही सावकाश गेलात तरी उपयोग नाही. एक्स्प्रेस वेवर जुलै 2024 पासून आयटीएमएस ही कॅमेऱ्यांची यंत्रणा सुरू झाली आहे. अतिवेगासोबत लेन तोडणं, सीटबेल्ट न लावणं, मोबाईलवर बोलणं यासाठीही ती चलान करते.

पण चलान मोबाईलवर येऊन पडलं म्हणजे काम झालं असं नाही. राज्यात न भरलेल्या ई-चलानांची रक्कम शेकडो कोटींमध्ये आहे आणि लोक अदालतीत तडजोडीने सूट मिळेल म्हणून वाट बघत बसणारेही कमी नाहीत. दंड वसूल होणार नाही हे एकदा कळलं की त्याचा धाक संपतो. शिवाय चुकीचं चलान आलं तर ते सहज रद्द करून घेता आलं पाहिजे. नाहीतर लोक त्याकडे फक्त वसुली म्हणून बघतात.

मग ड्रायव्हरची काहीच जबाबदारी नाही का?

नक्कीच आहे. 2022 मध्ये हेल्मेट न घातलेले 50,029 जण अपघातात गेले आणि सीटबेल्ट न लावलेले 16,715. चांगलं हेल्मेट नीट पट्टा लावून घातलं तर दुचाकीस्वाराच्या मृत्यूचा धोका साधारण 40 टक्क्यांनी कमी होतो. तरीही हेल्मेटसक्तीला पुण्यात रस्त्यावर उतरून विरोध झाला, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय.

मागच्या सीटवरच्या बेल्टचंही तसंच. सप्टेंबर 2022 मध्ये पालघरजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला, तेव्हा ते मागे बसले होते आणि त्यांनी बेल्ट लावला नव्हता. मागच्या प्रवाशालाही बेल्ट सक्तीचा आहे, हे अनेकांना त्यानंतर कळलं.

आणि पालकांची जबाबदारी वेगळी. अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केला तर कलम 199अ नुसार पालकाला किंवा वाहनमालकाला 3 वर्षांपर्यंत कैद आणि 25 हजार रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी 12 महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या 25 वर्षांपर्यंत लायसन्स मिळत नाही. "जवळच तर जायचंय, घेऊन जा गाडी" म्हणताना हे लक्षात असलेलं बरं.

अपघात दिसला तर थांबायचं का?

थांबा. पोलिसांचं झंझट मागे लागेल या भीतीने लोक थांबत नाहीत आणि पहिला महत्त्वाचा तास वाया जातो. पण कलम 134अ नुसार जखमीला चांगल्या हेतूने मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही. त्याला नाव-पत्ता सांगण्याची आणि साक्षीदार होण्याची सक्ती करता येत नाही. मे 2025 पासून अपघातग्रस्तांना ठरलेल्या रुग्णालयांत 7 दिवसांपर्यंत, कमाल दीड लाख रुपयांचे कॅशलेस उपचार देण्याची केंद्राची योजनाही लागू आहे. तुम्ही निदान 108 ला फोन करून नेमकी जागा सांगू शकता. एक्स्प्रेस वेवर किलोमीटरचे आकडे कडेला लिहिलेले असतात, तेवढा आकडा सांगितला तरी ॲम्ब्युलन्सला शोधाशोध करावी लागत नाही.

तुमच्या गावात किंवा कॉलनीजवळही एखादं वळण असेल, जिथे दरवर्षी कुणीतरी जातं. अपघातानंतर तिथे फुलं वाहिली जातात, चार दिवस चर्चा होते आणि मग सगळे विसरतात. पुढच्या वेळी त्या जागेचे फोटो काढून ग्रामपंचायत, नगरपालिका किंवा बांधकाम विभागाकडे लेखी तक्रार द्या आणि पोचपावती जपून ठेवा. पुन्हा अपघात झाला तर 'आम्हाला माहीत नव्हतं' असं म्हणायची सोय कुणाला उरणार नाही.