जज कोन निवडते, भाऊ?

मुकुटबनच्या टपरीवर बाजाराच्या दिवशी चहा घेत होतो. शेजारच्या काकांचं जमिनीच्या मोबदल्याचं अपील नागपूरला पडून आहे. त्यांनी फोनवर कुठलीशी बातमी ऐकली होती. म्हणाले, "काहो भाऊ, अमेरिकेत जज निवडाले मतदान होते म्हन्ते. मंग आपल्या नागपूरच्या जजले कोन मत देते?"

आमच्याकडे कोळशाचा भाव, कापसाचा भाव आणि आदिलाबादच्या गाडीची वेळ कोणीही सांगेल. या प्रश्नावर मात्र टपरीभर कोणी बोललं नाही. मी घरी येऊन जे माहीत होतं ते एका जागी मांडायला बसलो आणि थांबता येईना. न्यायाधीशांच्या नेमणुकीचा इतिहास एखाद्या उत्कंठावर्धक कादंबरीसारखा आहे, आणि त्यातली निम्मी माणसं आपली मराठी आहेत.

बाबासाहेबांनी सेनेट तपासली होती

काकांचा प्रश्न संविधान सभेतही आला होता. तारीख होती २४ मे १९४९. प्रा. के. टी. शहा म्हणत होते, नेमणुकीत राज्यसभेचा सल्ला घ्या. पोकर साहेबांचा आग्रह होता की सरन्यायाधीशांची संमती सक्तीची करा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दोन्ही सूचना नाकारल्या. इंग्लंडात सगळं सरकारच्या हाती आहे आणि अमेरिकेत सेनेटच्या संमतीशिवाय पान हलत नाही, हे दोन्ही नमुने त्यांनी सभेपुढे ठेवले. सेनेटची पद्धत किचकट आहे आणि तिच्यातून राजकीय दबाव शिरेल, असं त्यांचं मत होतं. सरन्यायाधीशही शेवटी माणूसच, म्हणून एकट्याच्या हातात नकाराधिकार द्यायलाही ते तयार नव्हते. त्यांनी मधली वाट काढली: राष्ट्रपतींनी नेमायचं, पण न्यायाधीशांशी सल्लामसलत करून.

'सल्लामसलत' या एका शब्दाच्या अर्थावरून पुढे १९८१, १९९३ आणि १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तीन मोठे खटले झाले. १९८१ च्या निकालानं सरकारचं पारडं जड केलं. १९९३ च्या निकालानं ते उलटवलं आणि त्यातून कॉलेजियम, म्हणजे न्यायाधीशांनीच न्यायाधीश निवडणारं मंडळ, जन्माला आलं. घटनेच्या मूळ मजकुरात कॉलेजियम हा शब्द नाही.

तेरा न्यायाधीश, एक काठावरचं मत

केशवानंद भारती खटला ६८ दिवस चालला. निकाल २४ एप्रिल १९७३ ला आला, सात विरुद्ध सहा. संसदेला घटना बदलता येते, पण तिचा गाभा मोडता येत नाही, हे त्या सातांचं म्हणणं. काठावरचं मत होतं न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांचं. ते सहांकडे झुकले असते तर आज घटनेचा गाभा ही गोष्टच नसती.

दुसऱ्या दिवशी सरन्यायाधीश सिक्री निवृत्त झाले. सरकारनं शेलत, हेगडे आणि ग्रोव्हर या तीन ज्येष्ठांना ओलांडून अजितनाथ राय यांचं नाव जाहीर केलं. तिघंही सातांच्या बाजूचे होते, राय सहांच्या. तिघांनी राजीनामे दिले. लोकसभेत मंत्री मोहन कुमारमंगलम यांनी सरकारची बाजू लढवली: न्यायाधीशाचा सामाजिक दृष्टिकोन पाहून निवड करणं हा सरकारचा हक्कच आहे. बाहेर कायदेपंडित छगला आणि पालखीवाला संतापले होते. माझं मत छगला-पालखीवालांच्या बाजूला आहे. विरोधात निकाल दिल्याची शिक्षा म्हणून बढती रोखली की पुढचा न्यायाधीश निकाल लिहिताना आधी दिनदर्शिका बघायला लागतो.

त्याच खन्नांनी २८ एप्रिल १९७६ ला आणीबाणीत तुरुंगात टाकलेल्या नागरिकांच्या स्वातंत्र्याच्या जबलपूर खटल्यात एकट्यानं विरोधी निकाल दिला, चार विरुद्ध एक. जानेवारी १९७७ मध्ये त्यांना ओलांडून मिर्झा हमीदुल्ला बेग सरन्यायाधीश झाले आणि खन्नांनी राजीनामा दिला. १९८२ मध्ये विरोधी पक्षांनी त्यांना राष्ट्रपतिपदासाठी उभं केलं. झैलसिंग जिंकले.

कनेरसरचे चंद्रचूड आणि मुंबईच्या वकिलांचं पत्र

वादग्रस्त नेमणुकीची खास मराठी गोष्ट शोधायची तर ती इथे आहे. यशवंत विष्णु चंद्रचूड यांचं घराणं खेड तालुक्यातल्या कनेरसरचं, कायद्याचं शिक्षण पुण्यात. नानावटी खटल्यात हायकोर्टात सरकारची बाजू मांडणारे सरकारी वकील तेच. पुढे ते हायकोर्टात न्यायाधीश झाले आणि १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले. केशवानंद खटल्यात ते सहांच्या बाजूला होते आणि जबलपूर खटल्यात खन्नांच्या विरुद्ध, चौघांपैकी एक.

१९७८ च्या सुरुवातीला बेग निवृत्त होणार होते आणि ज्येष्ठतेनं चंद्रचूडांचा क्रम होता. दिल्लीत जनता पक्षाचं सरकार, म्हणजे आणीबाणीत तुरुंगात गेलेली माणसं सत्तेवर. मुंबईतल्या नामवंत वकिलांनी निवेदन काढलं: जबलपूर खटल्यात नागरिकांच्या स्वातंत्र्याच्या विरोधात गेलेल्यांना सरन्यायाधीश करू नका. सह्या करणाऱ्यांत छगला होते, सासवडचे वि. म. तारकुंडे होते. म्हणजे १९७३ मध्ये ज्येष्ठता मोडली म्हणून चिडलेल्यांपैकीच काहीजण पाच वर्षांनी ज्येष्ठता मोडा म्हणत होते. मला यात ढोंग दिसत नाही. दोन्ही वेळा त्यांच्या डोळ्यांसमोर सत्तेपुढे उभा असलेला नागरिक होता.

कायदामंत्री शांतिभूषण यांनी न्यायाधीशांची आणि वकील संघटनांची मतं घेतली. कौल ज्येष्ठतेकडे झुकला. एकदा सरकारनं पसंती-नापसंतीनं माणूस निवडला की पुढचं सरकारही तेच करणार, ही भीती सगळ्यांच्या मनात ताजी होती. २२ फेब्रुवारी १९७८ ला चंद्रचूडांनी शपथ घेतली.

पुढची आकडेवारी बघा. ११ जुलै १९८५ पर्यंत, २६९६ दिवस. भारताचा दुसरा एकही सरन्यायाधीश इतका काळ टिकलेला नाही. न्यायमूर्ती कमल नारायण सिंग १९९१ मध्ये जेमतेम १७ दिवस होते. मोठी गंमत निकालांत आहे: ज्यांच्याविषयी शंका घेतली, त्याच चंद्रचूडांनी १९८० मध्ये मिनर्व्हा मिल्स खटल्यात बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीतली दोन कलमं रद्द केली आणि घटनेचा गाभा आणखी पक्का केला. शाहबानो निकालही त्यांचाच. आणि २४ ऑगस्ट २०१७ ला गोपनीयतेच्या खटल्यात त्यांचे चिरंजीव धनंजय चंद्रचूड यांनी जबलपूरच्या निकालाला गंभीर चूक ठरवून बाजूला सारलं. वडिलांचं मत मुलानं, त्याच न्यायालयात.

लेकीचं लग्न आणि सेनेटचं गणित

आता काकांच्या अमेरिकेकडे. तिथल्या काही राज्यांत जज खरंच मतदानानं निवडतात, पण सर्वोच्च न्यायालयासाठी मत लोक देत नाहीत, लोकांनी निवडलेले १०० सेनेटर देतात. १९८७ मध्ये रॉबर्ट बोर्क ५८ विरुद्ध ४२ मतांनी पडले आणि इंग्रजीत त्यांच्या आडनावाचं क्रियापद झालं, एखाद्याला जाहीरपणे पाडणं या अर्थाचं. २०१६ मध्ये मेरिक गारलंड यांचं नाव २९३ दिवस नुसतं पडून राहिलं. त्यांना सुनावणीही मिळाली नाही.

सप्टेंबर २०१८ मध्ये ब्रेट कॅव्हनॉ यांच्यावर लैंगिक अत्याचाराचा आरोप झाला आणि देश दुभंगला. काठावर मोजके सेनेटर होते. रिपब्लिकन सुझन कॉलिन्स यांनी लांबलचक भाषण करून हो म्हटलं. डेमोक्रॅट जो मॅन्चिन यांनी आपला पक्ष सोडून हो म्हटलं. रिपब्लिकन लिसा मर्कोव्स्की विरोधात होत्या. पण मॉन्टाना राज्यातले त्यांच्याच पक्षाचे स्टीव्ह डेन्स त्या दिवशी लेकीच्या लग्नात होते. त्यांची गैरहजेरी भारी पडू नये म्हणून मर्कोव्स्कींनी विरोधी मत न देता फक्त 'हजर' असं नोंदवलं. निकाल ५० विरुद्ध ४८. दुभंगलेल्या देशातही लग्नघराचा मान राखला गेला, हे वाचून मला बरं वाटलं.

२०५ जणांचं मौन

आपल्या संसदेत न्यायाधीश नेमायला मतदान होत नाही, काढायला मात्र होतं. पहिली वेळ मे १९९३ ची. न्यायमूर्ती व्ही. रामस्वामी यांच्या चौकशी समितीचे प्रमुख होते आपले न्यायमूर्ती पी. बी. सावंत. समितीनं चौदापैकी अकरा आरोप सिद्ध मानले. लोकसभेत रामस्वामींचे वकील म्हणून कपिल सिब्बल बोलले. मग मतदान झालं: बाजूनं १९६, विरोधात शून्य. आणि २०५ खासदार तटस्थ, प्रामुख्यानं काँग्रेसचे. एकही विरोधी मत न पडता ठराव बारगळला, कारण सभागृहाच्या एकूण सदस्यांच्या निम्म्याहून जास्त मतं लागतात. या एका घटनेवर मला अजून राग येतो. काठावरच्या माणसानं निदान हात वर करून सांगावं, मी या बाजूला.

एका रात्रीत एकमत

२०१४ मध्ये उलटा चमत्कार घडला. कॉलेजियमऐवजी राष्ट्रीय न्यायिक नियुक्ती आयोग आणणारी घटनादुरुस्ती १३ ऑगस्टला लोकसभेत ३६७ विरुद्ध शून्य आणि दुसऱ्या दिवशी राज्यसभेत १७९ विरुद्ध शून्य मतांनी मंजूर झाली. एकटे राम जेठमलानी तटस्थ राहिले. आयोगात सहाजण: सरन्यायाधीश, दोन ज्येष्ठ न्यायाधीश, कायदामंत्री आणि दोन मान्यवर नागरिक. सहांपैकी कोणीही दोघं नको म्हणाले की नाव बाद. १६ ऑक्टोबर २०१५ ला सर्वोच्च न्यायालयानं चार विरुद्ध एक मतानं आयोगच रद्द केला. वेगळं मत होतं न्यायमूर्ती चेलमेश्वर यांचं.

बंद खोलीतले पाचजण

म्हणजे आज निवड कशी होते? हायकोर्टाचे तीन ज्येष्ठ न्यायाधीश नाव सुचवतात. राज्य सरकारचं मत येतं, गुप्तवार्ता विभागाचा अहवाल येतो, दिल्लीत सरन्यायाधीशांसह तिघं शिक्कामोर्तब करतात आणि केंद्र सरकार आदेश काढतं. सर्वोच्च न्यायालयासाठी तिघांऐवजी पाच.

या पाचांतही काठावरचं मत असतं. २०२२ मध्ये सरन्यायाधीश उदय लळित यांनी चार नावांवर सहकाऱ्यांकडून लेखी संमती मागवली. दोघांनी, धनंजय चंद्रचूड आणि नझीर यांनी, हरकत घेतली: नावांवर नाही, पत्र फिरवून ठरवण्याच्या पद्धतीवर. लळितांची कारकीर्द ७४ दिवसांची, वेळ संपली. ऑगस्ट २०२५ मध्ये अमरावतीचे भूषण गवई सरन्यायाधीश असताना न्यायमूर्ती विपुल पंचोली यांच्या नावावर न्यायमूर्ती नागरत्ना यांनी एकटीनं विरोध नोंदवला. चार विरुद्ध एक, नेमणूक झाली.

मुंबई हायकोर्टाच्या दोन नेमणुका ऐका. सोमशेखर सुंदरेसन यांनी समाजमाध्यमांवर मतं मांडली म्हणून केंद्रानं नाव परत पाठवलं. कॉलेजियमनं ते जानेवारी २०२३ मध्ये पुन्हा पाठवलं आणि नोव्हेंबरात नेमणूक झाली. जुलै २०२५ मध्ये आरती साठे यांची शिफारस आली. त्या आधी भाजपच्या प्रदेश प्रवक्त्या होत्या. आमदार रोहित पवारांनी जाहीर आक्षेप घेतला. भाजपनं उत्तर दिलं की त्यांनी पद कधीच सोडलंय. नेमणूक झाली. पक्षातून न्यायपीठावर जाणं नवीन नाही. १९७३ मध्ये ओलांडलेले हेगडे पूर्वी काँग्रेसचे राज्यसभा खासदार होते आणि नंतर लोकसभेचे सभापती झाले. कृष्ण अय्यर तर केरळात मंत्री होते, आणि गरिबांचे न्यायाधीश म्हणून नाव कमावून गेले. साठेंच्या बाबतीत प्रश्न विचारणं योग्यच होतं. उत्तर त्यांचे निकाल देतील.

आणि आमच्या नागपूर खंडपीठाची गोष्ट. परतवाड्याच्या पुष्पा गनेडीवाला यांनी जानेवारी २०२१ मध्ये पोक्सो या बाललैंगिक अत्याचारविरोधी कायद्याखाली दिलेला निकाल देशभर गाजला: कपड्यांवरून केलेला स्पर्श त्या कलमात बसत नाही, असा. त्यांना कायम करण्याची शिफारस कॉलेजियमनं मागे घेतली. अतिरिक्त न्यायाधीश म्हणून एकच वर्ष वाढवून मिळालं. नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयानं निकाल उलटवला आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. निवृत्तिवेतनासाठी त्यांना हायकोर्टातच दाद मागावी लागली. जुलै २०२५ मध्ये ते मंजूर झालं. पोक्सोचा तो निकाल चूकच होता, बालकाच्या बाजूनं बघितलं की दुसरं काही म्हणता येत नाही. पण मागे घेतलेल्या त्या शिफारशीवर कोणी काय मत दिलं, ते कोणालाही वाचायला मिळालं नाही.

पुढच्या बाजाराला यातलं बरंचसं काकांना सांगितलं. लग्नाची गोष्ट त्यांना फार आवडली. मग फोनवर नागपूरचा बोर्ड उघडून त्यांनी आपल्या अपिलाची तारीख पाहिली, खंडपीठावरची दोन नावं मोठ्यानं वाचली आणि विचारलं, "या दोघाईले कोनं हो म्हटलं, हे कुठी लिवलं असते काजी?"